भागीदारीतली पशुवैद्यकीय पदवी: करार शेवटाकडून वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळा संपत आली आहे, पशुवैद्यक व्हायचं हे नक्की आहे, आणि हातात एका '२+३' कार्यक्रमाचं माहितीपत्रक आहे. पहिली दोन वर्षं जवळच्या विद्यापीठात, पुढची तीन परदेशातल्या भागीदार विद्यापीठात. प्रवेशाचा सल्लागार म्हणतो की ही पदवी 'जगभर चालते'. तुम्ही विचारता की हे घ्यावं, की युरोपात एखाद्या विद्यापीठात सरळ पहिल्या वर्षापासून इंग्रजी माध्यमात जावं. फॉर्मची मुदत पुढच्या महिन्यात संपते.

मी स्वतः अशाच एका कार्यक्रमातून शिकले. नंतर बरीच वर्षं मिश्र प्रॅक्टिस केली, म्हणजे सकाळी गाई, दुपारी कुत्री-मांजरं आणि रात्री ज्याचा फोन येईल ते. आता क्लिनिकल वर्षाचे, म्हणजे प्रत्यक्ष आजारी जनावरांवर शिकण्याच्या शेवटच्या वर्षाचे, विद्यार्थी माझ्याकडे रोटेशनला, म्हणजे पाळीपाळीने शिकायला येतात, त्यात भागीदारी कार्यक्रमातले असतात तसे सरळ प्रवेश घेतलेलेही असतात. त्यामुळे फॉर्म भरताना काय वाटतं तेही मला आठवतं आणि सहा वर्षांनी त्या फॉर्मचं काय होतं तेही दिसतं.

आधी ते 'जगभर चालते'. अशी पशुवैद्यकीय पदवी अस्तित्वातच नाही. पदवी विद्यापीठ देतं. जनावराला सुई टोचण्याचा अधिकार देते ती त्या त्या देशाची, कुठे कुठे त्या त्या राज्याची, पशुवैद्यक परिषद. एका परिषदेची मान्यता दुसरीवर बंधनकारक नसते. माहितीपत्रकात एका पानावर पाच संस्थांची बोधचिन्हं रांगेत छापलेली असतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पाचही दारं उघडी आहेत. त्यातली दोन निव्वळ सदस्यत्वाची असू शकतात. सदस्यत्व वर्गणी भरून मिळतं, मान्यता तपासणी होऊन मिळते.

अमेरिका आणि कॅनडाचं उदाहरण घ्या. तिथे कॉलेजांना मान्यता देण्याचं काम अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची (एव्हीएमए) शिक्षण परिषद करते. मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घेतली की 'नॅव्हली' ही परवाना परीक्षा आणि राज्याच्या आपापल्या अटी, एवढं उरतं. मान्यता नसलेल्या कॉलेजातून आलात तर ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह या नावाच्या वेगळ्या रस्त्याने जावं लागतं. ईसीएफव्हीजीत कागदपत्रं, इंग्रजी, लेखी परीक्षा आणि शेवटी प्रात्यक्षिक. ते प्रात्यक्षिक सात भागांचं असतं: भूल, घोडे, दुधा-मांसाची जनावरं, शवविच्छेदन, क्ष-किरण, लहान प्राण्यांचे आजार आणि शस्त्रक्रिया. माझी एक सहकारी दहा वर्षं उत्तम छोट्या प्राण्यांची प्रॅक्टिस करून या परीक्षेला बसली आणि घोड्यांच्या भागात अडकली. दहा वर्षांत तिने घोड्याला हात लावला नव्हता, लावायचं कारणच पडलं नव्हतं.

ब्रिटनमध्ये नोंदणी रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सकडे, म्हणजे आरसीव्हीएसकडे. यादीतली पदवी असेल तर ठीक, नसेल तर त्यांची वैधानिक सदस्यत्व परीक्षा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं काम ऑस्ट्रेलेशियन व्हेटरनरी बोर्ड्स कौन्सिल पाहते. युरोपीय संघाचा हिशेब निराळा आहे. २००५ च्या ३६ क्रमांकाच्या निर्देशानुसार किमान पाच वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण आणि ठरावीक विषय पूर्ण करणाऱ्या सदस्य-देशांच्या पदव्या एकमेकांकडे आपोआप ओळखल्या जातात. ब्रिटन बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, त्यांच्यापुरती ही आपोआप सोय संपली. आता ते विद्यापीठाला युरोपातल्या पशुवैद्यकीय शिक्षणसंस्थांच्या संघटनेची, इएइव्हीईची, मान्यता आहे का हे पाहतात. म्हणजे सात वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या तुमच्या ओळखीच्या ताईला जे लागू होतं ते तुम्हाला लागू होईलच असं नाही.

तारीख इतकी महत्त्वाची का, ते कॅरिबियन विद्यापीठांवरून कळतं. ग्रेनाडातल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठाची पशुवैद्यकीय शाळा १९९९ साली सुरू झाली. सेंट किट्सची रॉस त्याहून जुनी. दोघींना एव्हीएमएची मान्यता मिळाली २०११ मध्ये. त्याआधी तिथून बाहेर पडलेल्यांनी तेच वर्ग, तीच प्रेतं, तेच शिक्षक पाहिले होते, तरी अमेरिकेत परवान्यासाठी त्यांना तो लांबचा रस्ता चालावा लागला. म्हणून 'मान्यता प्रक्रियेत आहे' हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. एव्हीएमएच्या भाषेत नव्या कॉलेजला आधी 'रीझनेबल अॅशुरन्स'चं पत्र मिळतं, आणि ते पत्र म्हणजे मान्यता नव्हे. त्यानंतरची तात्पुरती मान्यता ही मात्र खरी पायरी आहे. त्या काळात प्रवेश घेतलेला विद्यार्थी मान्यताप्राप्त कॉलेजचाच धरला जातो. दोन्हींना मराठीत आपण सहज 'तात्पुरती मंजुरी' म्हणून मोकळे होतो. त्या दोन शब्दांच्या गोंधळात एखाद्याची तीन वर्षं जाऊ शकतात.

म्हणून मी सगळ्यांना करार शेवटाकडून वाचायला सांगते. वयाच्या तिसाव्या वर्षी कुठे काम करत असाल असं वाटतं? एक देश लिहा, फार तर दोन. त्या देशाच्या परिषदेची यादी उघडा. यादीत भागीदार विद्यापीठ आहे का ते बघा. मग पदवीचं नेमकं नाव आहे का ते बघा. मग ती मान्यता तुमच्या मार्गाला, म्हणजे पहिली दोन वर्षं दुसरीकडे शिकून आलेल्याला, लागू होते का ते परिषदेलाच लिहून विचारा. ही तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही. मान्यतेची समिती तपासणीला येते तेव्हा ती शवविच्छेदनाचा हॉल बघते, गोठे बघते, विद्यार्थ्यांशी बोलते. तुमचा शवविच्छेदनाचा हॉल जर भागीदाराच्या आवारात नसून दोन हजार मैलांवर असेल, तर तो कोणी पाहिला आहे का? उत्तर 'हो' असू शकतं. पण ते परिषदेच्या पत्रावर हवं. सल्लागाराच्या तोंडून ऐकलेलं इथे उपयोगाचं नाही.

आता 'भागीदारी' या शब्दाकडे. या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. सर्वांत हलकी म्हणजे सामंजस्य करार: दोन कुलगुरूंचा फोटो, एक फुलदाणी आणि 'सहकार्याची इच्छा'. त्यातून विद्यार्थ्याला हक्काचं काहीच मिळत नाही. दुसरी म्हणजे देवाणघेवाण, एखादं सत्र बाहेर जाऊन परत येण्याची. अनुभव छान, पदवी मात्र घरचीच. तिसरी, क्लिनिकल वर्षाची भागीदारी. रॉस आणि सेंट जॉर्जेसचं मॉडेल हेच आहे: आधीचा अभ्यास बेटावर, शेवटचं क्लिनिकल वर्ष संलग्न विद्यापीठांच्या रुग्णालयांत, पदवी मूळ शाळेची. चौथी म्हणजे तुमच्या हातातली, वर्षं वाटून घेणारी.

या चौथ्या प्रकाराचा सर्वांत व्यवस्थित नमुना परदेशाचा नाहीच, एकाच देशातला आहे. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठ आणि आयोवा स्टेट यांची २+२ व्यवस्था आहे. पहिली दोन वर्षं लिंकनला, पुढची दोन एम्सला, पदवी आयोवा स्टेटची. तिथे दोन्हीकडचा अभ्यासक्रम पहिल्यापासून एकमेकांना जुळवूनच आखला आहे, आणि मान्यता कोणाची, पदवी कोणाची याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. तुमच्या माहितीपत्रकाला हीच मोजपट्टी लावा. हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीने कॉर्नेलच्या सहकार्याने पशुवैद्यकीय कॉलेज उभं केलं आणि २०१७ साली सहा वर्षांच्या पदवीची पहिली तुकडी घेतली. ते सहकार्य खरं आणि खोलवरचं, पण पदवी सिटी युनिव्हर्सिटीची आहे, कॉर्नेलची नाही, आणि विद्यापीठ ते लपवतही नाही. तुमच्या बाबतीत 'दोन्ही विद्यापीठांची पदवी' म्हणजे काय? एकच प्रमाणपत्र, दोन सह्या? की दोन प्रमाणपत्रं? की भागीदाराची पशुवैद्यकीय पदवी आणि घरच्या विद्यापीठाची प्राणिशास्त्राची? तिसरा प्रकार वाईट नाही, फक्त तो आधी कळायला हवा.

इथवरचं सगळं कागदाचं. ते चुकलं तर नुकसान मोठं, पण एक संध्याकाळ नेटाने बसलं तर कळण्यासारखं आहे. त्यापुढचं कळायला मला स्वतःला एक आख्खं वर्ष लागलं.

लंगडणारं जनावर समोर आलं की आपण आधी सांधे चाचपतो, कारण हाडं सहसा शाबूत असतात. या कार्यक्रमांचंही तसंच आहे. दोन्ही विद्यापीठं आपापल्या जागी चांगली असतात, दुखतं ते जिथे ती जोडली आहेत तिथे. आमच्या पहिल्या दोन वर्षांत शरीररचना शिकवली गेली ती गाय आणि शेळीवर. उत्तम शिकवली, रवंथ करणाऱ्या पोटाचे चारही कप्पे मी झोपेत सांगितले असते. भागीदार विद्यापीठात शरीररचना कुत्र्यावर आणि घोड्यावर होत असे. तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात घोड्याच्या पोटशुळाचं व्याख्यान झालं. घोड्याचं मोठं आतडं पोटात कसं दुमडून बसलेलं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे असं धरूनच शिक्षक पुढे गेले, आणि वर्गातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतंही. आम्हा सात जणांना सोडून. कुणाचीच चूक नव्हती. करारात लिहिलं होतं 'शरीररचना: पूर्ण'. कोणत्या जनावराची, ते लिहायचं राहून गेलं होतं.

औषधशास्त्राचं उलट झालं. आमच्याकडे ते तिसऱ्या वर्षी, त्यांच्याकडे दुसऱ्या. म्हणजे आम्ही घरी असताना ते यायचं होतं, आणि तिकडे पोहोचलो तेव्हा होऊन गेलं होतं. 'उन्हाळ्यात स्वतः वाचा' असं सांगण्यात आलं. वाचलं. पण भुलीच्या रोटेशनला डोस मोजताना माझी बोटं आकड्यांवर दोनदा फिरायची. ती सवय आजही आहे, आणि खरं सांगायचं तर आता ती मला आवडते. परजीवीशास्त्र मात्र दोनदा शिकले. गोचिडांबद्दल माझ्याइतकी माहिती असलेली व्यक्ती आमच्या तुकडीत दुसरी नव्हती.

परीक्षेची पद्धत हा तिसरा धक्का. पहिली दोन वर्षं आम्ही लिहीत आलो: टीप लिहा, सविस्तर वर्णन करा. तिकडे ओस्की. खोलीत बारा-पंधरा टेबलं, प्रत्येकावर एक काम, घंटा वाजली की पुढचं टेबल. एकावर हातमोजे न विटाळता घालायचे, एकावर टाके, एकावर मालकाची भूमिका करणाऱ्या नटीला तिच्या मांजरीचा आजार समजावून सांगायचा. शस्त्रक्रियेतल्या गाठींवर मी चार पानं लिहिली असती. एका हाताने गाठ मारायला सांगितली तेव्हा दोरा टेबलाखाली गेला.

म्हणून सल्लागाराला विषयांची यादी मागू नका. दोन्ही विद्यापीठांचे विषयवार सविस्तर अभ्यासक्रम मागा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. कोणता विषय दोघांनीही दुसऱ्याच्या माथी मारला आहे ते शोधा. घोड्याची शरीररचना, पक्षी, औषधशास्त्र, प्रतिमाशास्त्र, जनावर धरण्या-बांधण्याची प्रात्यक्षिकं: आधी इथेच बघा. चांगल्या कार्यक्रमात दोन टप्प्यांच्या मध्ये काही आठवड्यांचा जोडवर्ग असतो आणि तो शुल्कातच धरलेला असतो. 'मुलं आपोआप जुळवून घेतात' असं उत्तर आलं तर समजा की तो जोडवर्ग तुम्हालाच रात्री जागून करायचा आहे. जमतं तेही. आम्ही सात जणांनी मिळून केलं, पण आम्ही सात होतो. दोघंच असतो तर मला खात्री नाही.

आधीच्या विद्यार्थ्यांशी जरूर बोला, पण पहिल्या तुकडीशी नको. पहिल्या तुकडीचे सगळे लाड करतात, अधिष्ठाता स्वतः विमानतळावर येतात. दुसरी-तिसरी तुकडी गाठा आणि तीन आकडे विचारा: पहिल्या वर्षाला किती जण होते, त्यातले किती पलीकडे गेले, किती जण वेळेत पदवीधर झाले. विद्यापीठाला चौथा विचारा: परवाना परीक्षेचा निकाल. एव्हीएमए मान्यताप्राप्त कॉलेजांना नॅव्हलीचा निकाल जाहीर करावाच लागतो आणि परीक्षेला बसणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी निदान ८० टक्के पदवीपर्यंत उत्तीर्ण व्हावेत अशी अपेक्षा असते. तो आकडा मागितल्यावर जर कोणी तुम्हाला आवाराची छायाचित्रं पाठवली, तर तेही एक उत्तरच आहे.

आणि 'पलीकडे जाणं' याचीही अट वाचा. 'पात्र विद्यार्थ्यांना संधी' म्हणजे जागा राखीव नाही. 'अमुक गुण मिळाल्यास प्रवेश निश्चित' म्हणजे राखीव आहे. या दोन वाक्यांत तुमची दोन वर्षं टांगलेली असतात. गुण कमी पडले तर काय, हेही विचारा: घरच्याच विद्यापीठात पशुवैद्यकाचा अभ्यास पुढे चालू ठेवता येतो का, की प्राणिशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडायचं? मध्येच करार मोडला तर आधीच शिकत असलेल्यांना पूर्ण करू देण्याची हमी आहे का? आमच्या कार्यक्रमाचा करार आम्ही चौथ्या वर्षाला असताना नूतनीकरणाविना संपला. ते कलम होतं म्हणून आम्ही सुटलो. ते कलम कुणी घातलं ते मला कधीच कळलं नाही, नाहीतर दरवर्षी त्याला पत्र लिहिलं असतं.

क्लिनिकल वर्षाबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे, तेवढं सांभाळून घ्या. लोक मोठं, चकचकीत, सीटी-एमआरआय असलेलं विद्यापीठ रुग्णालय बघून भाळतात. तिथे येणारी प्रकरणं कठीण असतात, दुसऱ्यांनी पाठवलेली असतात, आणि जनावराभोवती तज्ज्ञ, निवासी डॉक्टर, इंटर्न अशी तीन कडी असतात. विद्यार्थी चौथ्या कड्यात उभा राहून बघतो. उलट काही शाळांनी मुद्दामच स्वतःचं रुग्णालय बांधलं नाही आणि आजूबाजूच्या चालत्या प्रॅक्टिसशी करार केले. नॉटिंगहॅमची शाळा २००६ साली याच पद्धतीने सुरू झाली. कॅलिफोर्नियातल्या पोमोनाचं वेस्टर्न विद्यापीठ त्याआधीपासून असंच शिकवतं. तिथे कानाची घाण, जुलाब, लसी, दात, बिनमहत्त्वाचं वाटणारं सगळं हातून जातं. पहिल्या नोकरीच्या पहिल्या सोमवारी तेच समोर येतं. पण या पद्धतीत एक धोकाही आहे, प्रॅक्टिस चांगली निघाली तर सोनं, नाहीतर आठ आठवडे कुत्री धरून उभं राहणं. त्या प्रॅक्टिसवर विद्यापीठाची देखरेख किती, हे विचारायलाच हवं.

भाषेबद्दलही. 'अभ्यासक्रम इंग्रजीत' याचा अर्थ शेतकरी इंग्रजीत बोलतो असा नाही. बुडापेस्टच्या इंग्रजी तुकडीत व्याख्यानं इंग्रजीत होतात, कुत्र्याची मालकीण हंगेरियनच बोलते. आणि जिथे इंग्रजी चालतं तिथेही गोठ्यातलं इंग्रजी वेगळं असतं. ब्रिटनमधल्या माझ्या पहिल्या फार्म रोटेशनला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने फोनवर सांगितलं की गाय कालच व्यायली पण 'शी हॅजन्ट क्लेन्झ्ड'. मी वहीत लिहून घेतलं: 'गाय धुतलेली नाही.' वार, म्हणजे वासरामागून पडणारं वेष्टन, अडकली होती. तिकडे वार पडण्याला क्लेन्झिंग म्हणतात, हे कुठल्याही पुस्तकात मला दिसलं नव्हतं. माझ्या पर्यवेक्षकांनी वही वाचली, काही बोलले नाहीत, फक्त लांब हातमोज्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. ती भाषा शिकायला गोठ्यातच जावं लागतं, आणि जितक्या लवकर जाल तितकं बरं. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांना तर प्रवेशाच्या वेळीच पशुवैद्यासोबतच्या अनुभवाचे तास लेखी लागतात. आजपासून वही ठेवा: तारीख, तास, कुणासोबत, काय पाहिलं, सही.

कत्तलखान्याबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. युरोपीय निर्देशात अन्नस्वच्छता आणि मांसतपासणी हा पशुवैद्यकाच्या शिक्षणाचा ठरलेला भाग आहे, प्रात्यक्षिकासह. तुम्ही मांस खाता की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही, कारण यकृतातली गाठ क्षयाची आहे की परजीवीची हे ओळखणं हे जनतेच्या आरोग्याचं काम आहे. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या दिवशी चक्कर येऊन पडली आणि आज मांसतपासणीतच नोकरी करते. पण हे मनाला अजिबातच मान्य नसेल तर त्याचा विचार तिसऱ्या वर्षी नव्हे, आत्ता करायला हवा.

आता तुमचा दुसरा पर्याय, युरोपात सरळ प्रवेश. बुडापेस्टचं पशुवैद्यकीय विद्यापीठ १७८७ पासूनचं आहे, इंग्रजी अभ्यासक्रम अकरा सत्रांचा. स्लोव्हाकियातलं कोशित्से १९४९ सालचं. पोलंडातही अशा शाळा आहेत. सरळ प्रवेशाचा मोठा फायदा असा की मधला सांधाच नाही. एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा पद्धत, एकच गुणपत्रक, आणि पदवी सदस्य-देशाची असल्याने संघभर ओळखली जाते. मात्र पदवी ओळखणं आणि काम करू देणं एक नव्हे. तुम्ही संघाचे नागरिक नसाल तर कामाचा परवाना वेगळा, आणि जर्मनीत प्रॅक्टिस करायची तर जर्मन यायलाच हवी, पदवी बुडापेस्टची असो की हॅनोव्हरची. तोटा एवढाच की अठराव्या वर्षी एकदम सहा वर्षांसाठी घर सोडायचं, आणि पहिल्या वर्षाच्या शरीररचनेच्या परीक्षेत गळती होते ती परक्या गावात, एकट्याने सोसायची. २+३ मध्ये ती पहिली दोन कठीण वर्षं घराजवळ जातात. याची किंमत मी कमी लेखत नाही. मला ती फार मोलाची वाटली होती.

माझा कल विचाराल तर: करारात जागा राखीव, जोडवर्ग लेखी, पदवी भागीदाराची आणि परिषदेचं उत्तर हातात, या चार गोष्टी असतील तर २+३. यातली एक जरी नसेल तर सरळ प्रवेश, किंवा घरीच पूर्ण पदवी घेऊन नंतर परवाना परीक्षेने बाहेर जाणं. हा शेवटचा रस्ता कुणी विकत नाही, म्हणून त्याची जाहिरात नसते. तो लांबचा आहे, पण त्यावरून जाणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

पैशाबद्दल दोनच गोष्टी. दुसऱ्या टप्प्याचं शुल्क कोणत्या चलनात आणि ते गोठवलेलं आहे की दरवर्षी वाढतं ते बघा. आणि सुट्ट्यांवर कमाईचं गणित बांधू नका. ब्रिटनसारख्या ठिकाणी विद्यार्थ्याला सुट्ट्यांतले आठवडेच प्रॅक्टिस आणि शेतांवर, बिनपगारी, काढावे लागतात.

निघण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या, इथून किंवा तिथून, पण शवविच्छेदन आणि क्लिनिकच्या आधी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून दोन डोसांची शिफारस केली आहे, शून्य आणि सातव्या दिवशी. तरी काही विद्यापीठं तीन डोस मागतात आणि बरीचशी रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी विचारतात, ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा जास्त. तो अहवाल यायला वेळ लागतो. आमच्यातला एक जण त्यापायी तीन आठवडे ग्रंथालयात बसून होता.

आणि पहिल्या दोन वर्षांच्या प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, तासांसह, विद्यापीठाच्या शिक्क्याने प्रमाणित करून घेऊनच निघा. गुणपत्रक पुरत नाही. मी अकरा वर्षांनी दुसऱ्या देशात नोंदणीला अर्ज केला तेव्हा परिषदेने विचारलं, दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्राचे प्रात्यक्षिकाचे तास किती. तोवर आमच्या पहिल्या विद्यापीठात तो विभागच दुसऱ्यात विलीन झाला होता आणि जुन्या फायली कुठे गेल्या ते कार्यालयात कुणालाच सांगता येईना. माझ्या आईने घरच्या कपाटात ठेवलेली एक झेरॉक्स निघाली, म्हणून काम झालं.

राहिली फॉर्मची मुदत. आज रात्री तीन ईमेल लिहा. एक तुम्ही निवडलेल्या देशाच्या परिषदेला, मान्यता तुमच्या मार्गाला लागू आहे का हे विचारणारा. एक भागीदार विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला, सल्लागाराला वगळून थेट, दुसऱ्या टप्प्यातल्या राखीव जागांबद्दल. एक घरच्या विद्यापीठाला, दोन्हीकडच्या सविस्तर अभ्यासक्रमासाठी. परिषदांना उत्तर द्यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे मुदतीच्या आत बसतं. भागीदार विद्यापीठाने 'असा कार्यक्रम आमच्याकडे नोंदलेला नाही' असं कळवलं तर मला लगेच सांगा. हे एका मुलीच्या बाबतीत माझ्यासमोर घडलं आहे, आणि तिची अनामत रक्कम परत मिळाली ती केवळ तिने पहिला हप्ता भरायच्या आधी विचारलं म्हणून. मुदतीपर्यंत परिषदेचं उत्तरच आलं नाही, तर फॉर्म भरा, पण परत न मिळणारी कोणतीही रक्कम भरू नका.